जस्ताच्या बादलीचा रंग

२०२३ सालची गोष्ट. पोळा होऊन गेला होता आणि महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या. त्या सकाळी हिरालालने केशवरावांच्या जेवणाच्या टेबलावर जुना कॉम्प्युटर पालथा घातला आणि पाठीचे स्क्रू सोडवायला घेतले.

"भाऊ, हे म्युझियममधे ठेवा लागते. तुम्ही घरात ठेऊन राह्यले."

"तू उघड आधी. म्युझियमवाल्यांनी पाहिलं तर तुला नि मलाही घेऊन जातील."

हिरालाल चष्मा कपाळावर सरकवून हसला. पुलगावात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नाचणगावच्या घरून तो खास या कामासाठी वर्ध्याला आला होता. केशवराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, तेव्हापासूनची ओळख.

कॉम्प्युटर जाड पुस्तकाएवढा, काळा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावून त्यात प्रोग्रॅम चढवायचा. १९८६ साली केशवरावांच्या आतेभावाने तो लंडनहून लीनासाठी आणला. तेव्हा ती सातवीत होती. पण घरात टीव्ही होता तो कृष्णधवल. कॉम्प्युटरच्या आकड्यांच्या बटणांवर रंगांची नावं छापलेली होती, निळा, लाल, पिवळा, आणि पडद्यावर काहीच रंगीत दिसत नव्हतं.

ती खंत केशवरावांनी इतकी वर्षं जपली होती. लीनाने महिनाभर बसून एक चित्र केलं होतं, ते त्यांना आठवत होतं. दारात जीप उभी असायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि आतून लीना हाक मारायची, "बाबा, या ना, पाहा ना!" ते म्हणायचे, "रंगीत टीव्ही येऊ दे, मग पाहू. असं काय पाहायचं?"

रंगीत टीव्ही आला तेव्हा लीना नागपूरला हॉस्टेलवर गेली होती आणि कॉम्प्युटर माळ्यावर. आता ती बंगळुरूला असते. फोन आईला करते. शेवटी विचारते, "बाबा बरे आहेत ना?" आई म्हणते, "हो, इथेच बसलेत." तेवढंच.

या वर्षी ती बऱ्याच वर्षांनी महालक्ष्म्यांना येणार होती. ती यायच्या आत ते चित्र रंगात लावून ठेवायचं, हे केशवरावांनी मनाशी धरलं होतं.

"हे पाहा," हिरालालने आतली एक पत्र्याची डबी दाखवली. "याच्यातून हा अँटेनासारखा सिग्नल सोडते. तुमचा नवा टीव्ही त्याले नीट धरत नाई. मी डबीच्या अगोदरच तार काढून घेतो. मंग रंग पाहा कसे येतेत ते."

"नक्की येतील?"

"आले नाई तर मी इथंच राह्यतो. वैनी जेवाले देईन."

आतल्या खोलीत कोकिळाबाई महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसत होत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "जेवायला घालीन, पण आंबील ढवळावी लागेल."

एवढंसं काम; पण हिरालालने ते चहा दोनदा गार करून केलं. मग वायर टीव्हीत खुपसली. टीव्हीवर स्वच्छ पांढरा चौकोन उमटला. केशवरावांनी लीनाच्या चित्राची कॅसेट लावून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. कॅसेट किंचाळायला लागली आणि पडद्याच्या कडांना निळ्यापिवळ्या पट्ट्या धावू लागल्या.

"पाहा रंग!" हिरालाल म्हणाला.

केशवराव खुर्चीच्या टोकाशी सरकले. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि परत पुसला.

चित्र वरून खाली उतरत गेलं. जांभळट गुलाबी भिंत. तिच्यात काळा उभा चौकोन. मग एक हिरवं गार डोकं, त्यावर निळे केस. पिवळा सदरा. लालभडक पाय, त्यातला एक उचललेला. कॅसेट थांबली.

"हे काय आहे?" केशवराव म्हणाले.

"कॅसेट जुनी हाय, भाऊ. खराब झाली असन."

"तुझी तार चुकली असेल."

"तार बरोबर हाय. पट्ट्या पाह्यल्या ना तुम्ही?"

"मग पोरीने हिरवं भूत काढलं होतं का महिनाभर?" केशवरावांचा आवाज चढला. मग ते मागे टेकले. त्यांचा हात नुसताच टेबलावरचे स्क्रू एका जागी गोळा करत राहिला.

कोकिळाबाई मुखवटा हातात घेऊनच दारात आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"अहो, हे असं नव्हतं."

"तेच म्हणतो मी. बिघडलं."

"बिघडलं नाही. तिने रंगांची नावं कधी वाचलीच नाहीत. आपल्या टीव्हीवर कुठे रंग होते? शून्य म्हणजे काळा आणि सात म्हणजे पांढरा. मधले सगळे राखाडी, एकाहून एक उजळ. तिने त्यांना नावं दिली होती. तीन म्हणजे जस्ताच्या बादलीचा. चार राखेचा. पाच की सहा कुठला तरी धुतलेल्या धोतराचा. मला स्वयंपाकघरात येऊन विचारायची, आई, माणसाच्या तोंडाला राखेचा चालेल का?"

त्यांनी मुखवटा हलकेच टेबलावर ठेवला, रिमोट उचलला आणि हिरालालपुढे धरला.

"यातला रंग पार काढून टाकता येतो का?"

"काढता येते. पन आत्ताच तं घातला, वैनी."

"काढा."

हिरालालने बटण दाबून धरलं. भिंतीचा गुलाबी रंग विटत गेला. हिरवं तोंड मळकट झालं, मग राखेचं झालं. निळे केस काळ्याला टेकले. आणि मग एका क्षणी सगळं जागेवर आलं. भिंतीवर तिरका उजेड होता. उघडं दार होतं. दाराच्या चौकटीला एक हात टेकवून, एक पाय उचलून, माणूस बूट चढवत होता. तोंड बाहेरच्या बाजूला, कानामागे चष्म्याची काडी. खांद्याला कॅनव्हासची पिशवी.

केशवराव उठून पडद्याजवळ गेले.

"मला इतकी वर्षं वाटायचं, ते तिच्या आजीचं चित्र होतं," ते म्हणाले.

"तुमचं होतं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

हिरालालने स्क्रूड्रायव्हर पिशवीत घातला आणि आंबील कुठं हाय म्हणत आत निघून गेला.

लीना आली त्या दिवशी केशवरावांनी चित्र लावूनच ठेवलं होतं, रंगाशिवाय. तिने बॅग खाली ठेवली आणि पडद्यापुढे वाकून ती हसली.

"अय्या, हा डबा अजून चालतो? हे मी काढलंय?"

"तूच," केशवराव म्हणाले.

"छान जमलंय की. उजेड पाहा कसा दाखवलाय!" तिने मान तिरपी केली. "पण हा माणूस कोण आहे?"

कोकिळाबाईंनी तोंड उघडलं. केशवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून अगदी थोडी मान हलवली.

"असेल कोणी," ते म्हणाले. "बाहेर निघालेला."

"काय काय करायचे ना मी," लीना म्हणाली आणि हातपाय धुवायला आत गेली.

हिरालालने पुढच्या वर्षी दुकान भाच्याकडे सोपवलं. आता तो नाचणगावला घरीच असतो आणि कोणी जुना रेडिओ आणला तर पाहतो. केशवराव त्याच वर्षी चैत्रात गेले. फार त्रास झाला नाही. लीना त्यानंतर आईला बंगळुरूला घेऊन गेली. तिची नोकरी मोठी आहे, घरी यायला उशीर होतो. चित्रातला तो माणूस कोण, हे कोकिळाबाईंनी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगू म्हणतात, पण ती येते तेव्हा दमलेली असते.