पिकअपचं दावं

काष्टीच्या बाजारात एके काळी बजरंगनानांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला की भोवतालची माणसं बोलायची थांबायची. नाना दात बघत, खूर उचलून बघत, शेपटी बाजूला सारून नको तिथंही बघत आणि शेवटी "घ्या" नाहीतर "सोडा" एवढंच म्हणत. त्या एका शब्दासाठी शेवगाव-नेवाशाहून माणसं येत. मग घरोघरी ट्रॅक्टर आले आणि नानांचा शब्द तोंडातल्या तोंडात राहून गेला. गेल्या आठ वर्षांत त्यांना कुणी काहीही निवडायला बोलावलं नव्हतं. घरचे आंबेसुद्धा बायको, भागूबाई, स्वतः निवडायच्या, कारण नाना एकेका आंब्यापुढं पाव तास बसायचे.

म्हणून लेक स्नेहल जेव्हा म्हणाली, "नाना, जुनी पिकअप घ्यायचीय, शनिवारी काष्टीला येता का?" तेव्हा नानांना दोन दिवस घास गोड लागेना.

स्नेहलची रोपवाटिका होती. टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं ट्रेमध्ये भरून ऊन चढायच्या आत गावोगाव पोचवायची, हा तिचा रोजचा धंदा. नवी गाडी परवडत नव्हती. महिनाभर मोबाईलवर बघून बघून तिनं ठरवलं होतं, की तीस वर्षांपूर्वीची जाड पत्र्याची पिकअप घ्यायची, गावातल्या मेस्त्र्याकडून हळूहळू नीट करायची आणि रोज तीच चालवायची. नानांना बोलवायचं कारण एवढंच, की एकटी मुलगी बघून लोक काहीही भाव सांगतात, शेजारी एक फेटा असलेला बरा. हे तिनं नानांना सांगितलं नाही, आणि नानांनी विचारलं नाही. त्यांनी पिशवीत कोरं दावं टाकलं, खांद्यावर मोठा रुमाल घेतला आणि लग्नाला निघाल्यासारखे निघाले.

जुन्या गाड्या जनावरांच्या बाजारामागच्या माळावर लागत. सोबत बन्सी मेस्त्री होता, हातात बॅटरी घेऊन. पण तो पहिल्या गाडीखाली शिरायच्या आत नाना पुढं झाले. ती पिकअप पांढरीशुभ्र होती, चकाकत होती. नानांनी तिच्या पत्र्याला चिमटा काढून बघितला.

"म्हातारा हाय," ते म्हणाले. "शिंगं घोळून, त्याल लावून आनलाय."

बन्सीनं नखानं रंग खरवडला तर खाली गंजाची भोकं बुजवायला सगळी लांबी भरलेली. दुसरी पिकअप निळी होती. नाना तिच्यासमोर शांत उभे राहिले आणि एकदम जोरात टाळी वाजवली. गाडीचा डावा आरसा गळून खाली पडला.

"बुजरा. सोडा."

स्नेहल कपाळाला हात लावून उभी होती. भोवती आता बघ्यांचं कोंडाळं जमलं होतं, आणि कित्येक वर्षांनी नानांना आपली पाठ ताठ झाल्यासारखी वाटत होती.

तिसरी पिकअप विटक्या हिरव्या रंगाची होती. तिच्या मडगार्डवर हात ठेवून एक म्हातारा उभा होता, गोरक्षनाथ त्याचं नाव. घोड नदीच्या अलीकडं त्याची वस्ती होती. नानांनी मागच्या हौद्यावर दोन्ही हात टेकून भार दिला, चाकांना गुडघा लावला, सायलेन्सर हुंगला आणि पुढच्या जाळीवरून बोट फिरवलं.

"दोन दात पडल्यात."

"मार लागून पडल्यात, वयानं न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला.

"मारका हाय?"

"छ्या! फकस्त हँडब्रेक लागत न्हाई. उतारावर मोकळा सोडू नका."

"डाव्या अंगाला वढतो का?"

"वढतो की. बाजारातनं माझं घर डावीकडं हाय."

नानांना हे उत्तर पटलं. बन्सी गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "ताई, चेसी सरळ हाय, इंजिन ठणठणीत हाय. डोळं झाकून घ्या." नानांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला, कोंडाळं गप्प झालं, आणि आठ वर्षं अडकलेला शब्द बाहेर पडला. "घ्या."

सौदा रुमालाखाली झाला. दोघांचे हात आत, बोटं दाबून भाव, बाहेर दोन्ही चेहरे मख्ख. स्नेहल रुमालाचं टोक उचलायला गेली तर नानांनी डोळे वटारले.

"किती झालं, नाना?"

"रुमालाखालचं रुमालाखाली."

"पैसे माझेत!"

हे मात्र खरं होतं. नानांनी आकडा तिच्या कानात सांगितला, तोही तोंडावर हात धरून. कागदांवर सह्या झाल्या, पैसे दिले, आणि स्नेहलनं चावीसाठी हात पुढं केला. गोरक्षनाथानं चावी बंडीच्या खिशात टाकली.

"जनावर दिलं, पोरी. दावं देत न्हाईत आमच्यात."

स्नेहलनं नानांकडं बघितलं. नाना जमिनीकडं बघत होते. चाळीस वर्षांत त्यांनी स्वतः एकदाही विकलेल्या बैलाचं दावं दिलं नव्हतं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते, हे त्यांनीच शेकडो लोकांना सुनावलं होतं.

"बरोबर हाय त्येंचं," नाना म्हणाले. पिशवीतलं कोरं दावं काढून त्यांनी पिकअपच्या बंपरला बांधलं.

"चावीशिवाय चालवू कशी?"

"जुनं डिझेल हाय, ताई," बन्सी म्हणाला. "उतारावर सोडायची, गियर टाकायचा, चालू. दिवे आन् हॉर्न तेवढं लागायचं न्हाईत. पुढच्या पंधरवड्यात नवा स्विच टाकू."

अशी ती गाडी घरी आली. भागूबाईंनी चारी चाकांवर पाणी घातलं, बोनेटला कुंकू लावलं आणि वर भाकरीचा तुकडा ठेवला. तो कुत्र्यानं खाल्ला, पण रीत झाली. गाडी घरापुढच्या उतारावर लिंबाच्या झाडाशी खुंट्याला बांधली, आणि हँडब्रेक नसल्यानं ते दावं खरोखरच कामाचं निघालं. हॉर्नच्या जागी नानांनी बंपरला जुनी घुंगरमाळ अडकवली. रोज सकाळी स्नेहल दावं सोडायची, गाडी उतारावरून छुमछुम करत निघायची आणि खाली वळणावर धुराचा लोट सोडून चालू व्हायची. पाच दिवस रोपं वेळेवर पोचली. नाना सकाळी विनाकारण रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आपनच निवडलाय."

सहाव्या दिवशी दुपारी जेवून सगळे जरा आडवे झाले होते. उठून बघतात तर खुंट्यापाशी गाडी नाही. तेवढ्यात गोरक्षनाथाचा फोन आला.

"तुमचा आलाय इकडं. पानी दाखवलंय. येऊन घेऊन जावा."

"आला म्हणजे?" स्नेहल किंचाळली. "बारा किलोमीटर गाडी एकटी कशी येईल?"

"मूळ दावन इसरत न्हाई जनावर," गोरक्षनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

नाना खुंट्याजवळ गेले. दावं तुटलेलं नव्हतं. ते सोडून, नीट वेटोळं करून खुंट्यावर अडकवलेलं होतं. बैल दावं तोडतो, गुंडाळून ठेवत नाही, हे नानांना कळत होतं. पण चोरी म्हणावी तर पोलीस येणार, त्या म्हाताऱ्याला धरणार. आणि भर बाजारात दावं, म्हणजे चावी, त्याच्याकडं राहू दिली ती नानांनीच. म्हणून त्यांनी स्नेहलला नुसतं गाडी आणायला पाठवलं.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. या खेपेला हौद्यात मिरचीच्या रोपांचे ट्रे भरलेले होते. स्नेहल एसटीनं जाऊन गाडी घेऊन येईतो गिऱ्हाईक दुसरीकडून रोपं घेऊन गेलं होतं. येताना गोरक्षनाथानं तिला ऐकवलं, "तुझ्या बापाचाच निवाडा हाय. इस वर्साखाली भर बाजारात दिलेला. बैल तीनदा मूळ दावनीला परत आला, तर सौदा मोडला."

"दिला होता तुम्ही असला निवाडा?" घरी आल्या आल्या तिनं नानांना विचारलं.

"दिल्ता," नाना म्हणाले. "पर त्यो बैल..."

"बास, नाना. येत्या शनिवारी मी दुसरी गाडी बघायला जाणार. एकटी."

ती रागानं बोलली असती तर नानांनी मनावर घेतलं नसतं. ती दमून बोलली. नानांनी मनाशी हिशेब केला. पिकअप गेली तर जावो, पण स्नेहल एकदा एकटी गेली की ती पुन्हा कधीच विचारायची नाही, आणि दुसरं विचारणारं या जगात कुणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, तिसरी खेप आता कधीही होणार हे धरून, ते कुणाला न सांगता हौद्यात चढले. टोमॅटोच्या ट्रेंमध्ये आडवे झाले आणि अंगावर हिरवी जाळी ओढून घेतली. थोड्या वेळानं पावलं वाजली. दावं सुटलं, गुंडाळलं गेलं, खुंट्यावर अडकलं. गोरक्षनाथ म्हणाला, "चल रं राजा," आणि गाडी उतारावरून सुटली.

ओरडायचं असं नानांनी ठरवलं होतं. पण ओरड बाहेर येईना, कारण त्यांच्यातला पारखी जागा झाला होता. म्हातारा खड्ड्याच्या दहा पावलं आधी वेग उतरवत होता. वळणावर गाडी अशी झुकत होती, की ट्रेमधली रोपं नुसती मान हलवत. स्नेहलच्या हाताखाली रोज पाच-पन्नास रोपांची कंबर मोडायची, आज एकही मोडलं नव्हतं. आणि सगळी वाट म्हातारा गाडीशी बोलत होता. लेकरं पुण्याला गेली ते सांगितलं, नजर अजून चांगली असताना त्यांनी गाडी विकायला लावली ते सांगितलं, आणि कालपासून जेवलो नाही तेही सांगितलं. बजरंगनानांना वाईट वाटलं. स्वतःबद्दल वाटायचं तसंच वाटलं.

वस्तीवर गाडी थांबली. गोरक्षनाथ उतरून मागं आला आणि जाळीखालून फेटा वर आलेला बघून दोन पावलं मागं सरला. मग सावरून म्हणाला, "तिसऱ्यांदा आला. सौदा मोडला."

"न्हाई मोडला," नाना ट्रेमधून उठत म्हणाले. "धनी संगं असला तर ते परत येनं न्हवं. पाव्हनं येनं हाय. च्या टाका."

निवाडा ज्यानं दिला त्यालाच त्यातली पळवाट ठाऊक असणार. गोरक्षनाथानं बराच विचार केला, मग निमूट चहा टाकला. चहा पिऊन नाना म्हणाले, "बैल दावनीला परत येत न्हाई, गोरखबुवा. जोडीदाराला येतो. चूक माझी झाली. जोडीतला एकच इकत घेतला. चला, बसा गाडीत."

घरी स्नेहल रस्त्यावरच उभी होती. गाडी, चोर आणि बाप तिघं एकदम येताना बघून तिला कुणावर आधी ओरडावं कळेना. तेवढ्यात नानांनी गोरक्षनाथाला तिच्यापुढं उभं केलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दंड दाबला आणि म्हणाले, "आ करा."

"नाना! माणूस आहे तो!"

"म्हनून तर दात कमी असलं तरी चालतंय," नाना म्हणाले. "हौद्यात बघ."

स्नेहलनं जाळी बाजूला केली. तिनं एकेक ट्रे बघितला. दोनदा बघितला. मग ती गोरक्षनाथाकडं वळली.

"बाबा, रोज सकाळी सहाला याल?"

"चारला येतो," गोरक्षनाथ म्हणाला.

"रोज काय द्यायचं ते ठरवू, मग."

नानांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि सवयीनं हात पुढं केला. स्नेहलनं रुमाल त्यांच्या हातातून घेतला, स्वतःच्या हातावर टाकला आणि गोरक्षनाथापुढं धरला. म्हाताऱ्यानं एकदा नानांकडं बघितलं, बंडीच्या खिशाशी चाचपडला आणि हात रुमालाखाली नेला.

नाना आयुष्यात पहिल्यांदा रुमालाबाहेर उभे होते. आत काहीतरी हललं. स्नेहलचा चेहरा मख्ख राहायचा प्रयत्न करत होता, पण तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. बोटांनी सांगितलेला कुठलाही भाव कळून डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं नानांना चाळीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. रुमाल निघाला तेव्हा तिची मूठ बंद होती. ती तशीच गाडीत जाऊन बसली, आणि ज्या गाडीला इतके दिवस नुसती घुंगरं होती, तिचा हॉर्न सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाजला.

"काय ठरलं गं?" नानांनी खिडकीशी जाऊन विचारलं.

"रुमालाखालचं रुमालाखाली," स्नेहल म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि नाना, मला शेडसाठी पाण्याची मोटर घ्यायचीय. उद्या याल ना?"

 नाना पिशवी आणायला घरात गेले, आणि आतून त्यांचा भागूबाईंना विचारलेला प्रश्न ऐकू आला, की घरात दुसरं कोरं दावं आहे का.