समाधानच्या हाताचं पोस्टर

कला माणसाला आतून बदलते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या पुनावळ्यात ती बाहेरून बदलते. गालावरचे डाग जातात, टकलावर केस येतात आणि गळ्यात, घरी असो वा नसो, सोन्याची चेन लोंबते. हा चमत्कार विजयश्री करते. ताथवड्याच्या रस्त्याला फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे ती कॉम्प्युटरवर बसते. राहायला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर.

फ्लेक्सच्या धंद्याचा एक नियम आहे. मोकळी जागा दिसली की तिथे शुभेच्छुकाचं डोकं बसवायचं. चार बोटं जागा उरली तरी गिऱ्हाईक म्हणतं, "इथं आमच्या मेव्हण्याला घ्या."

दुपारी डबा खाताना विजयश्री फोनवर जगभरच्या चित्रकारांची पोस्टरं बघायची. सोसायटीच्या पाण्याची नोटीस छापायला मी गेलो, तर तिने फोन माझ्यापुढे धरला. अख्खं निळं पोस्टर, कोपऱ्यात एक लहानशी खुर्ची. बाकी काही नाही.

"काका, केवढं कोरं सोडलंय बघा. किती धीर लागत असेल याला!"

"मेव्हणे नसतील त्यांच्याकडे," मी म्हटलं.

ती हसली नाही. बघतच राहिली.

तिचा नवरा समाधान धाराशिवकडचा. निघोज्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. त्या मशीनला सेन्सर असतो; आत हात गेला की मशीन थांबतं. पण मशीन थांबलं की टार्गेट मागे पडतं, म्हणून तिथे सेन्सर बंद ठेवायची पद्धत आहे. एका शिफ्टला मशीन थांबलं नाही, टार्गेट झालं, आणि समाधानच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. त्याला स्टोअरमध्ये बसायला खुर्ची मिळाली. मशीनवर दुसरा माणूस उभा राहिला. सेन्सर बंदच राहिला.

मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. कामगारांच्या घरच्यांसाठी पोस्टर स्पर्धा निघाली. पहिलं येईल ते पोस्टर प्रेस मशीनसमोरच्या भिंतीवर कायमचं लागणार होतं. परीक्षक म्हणून मला बोलावलं. मी पूर्वी वर्तमानपत्रात विनोदी लिहायचो. सुरक्षा हा विषय त्यांनी त्याच खात्यात धरला असावा.

एका रविवारी मी खाली चहाला गेलो, तेव्हा विजयश्री समाधानचा हात कागदावर ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवत होती.

"हलवू नका हो."

"गुदगुल्या व्हायल्यात," समाधान म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "काका, सगळी बोटं होती तवा हिनं कधी हात हातात धरला नाही. आता चित्र काढायलीय."

"गप्प बसा. हे त्या मशीनसमोर लागलं ना, की सेन्सर बंद करायला कुणाचा हात धजायचा नाही. बक्षीस नको मला. हे तिथं लागू दे फक्त."

पोस्टर पिवळं. त्यावर काळा हात. जिथे दोन बोटं नव्हती तिथे नुसता पिवळा रंग, आणि नजर तिथेच जाऊन अडकायची. खाली तीन शब्द: सेन्सर चालू ठेवा.

पोस्टरांवर नावं नव्हती, पण हात ओळखीचा होता. तरी सांगतो, अनोळखी असता तरी मी तेच निवडलं असतं. बाकी सगळ्यांनी हेल्मेट घातलेला गणपती काढला होता.

एचआरचा प्रितम म्हणाला, "एक नंबर, सर! फक्त जरा अपुरं वाटतंय."

"ते तसंच आहे."

"नो टेन्शन सर, बघतो मी."

त्याने बघितलं. समारंभाच्या दिवशी कारखान्यातल्या त्या भिंतीवर मखमली पडदा होता. मागे प्रेस मशीन धडधडत होतं; सुरक्षेच्या कार्यक्रमासाठी उत्पादन थांबवत नाहीत. मालक दादासाहेब आले. मूळ निघोज्याचेच, घरच्या जमिनीवर कारखाना उभा केलेले. त्यांनी दोरी ओढली. टाळ्या झाल्या.

कडेने झेंडूची माळ. वर दादासाहेब हात उंचावून हसताहेत. खाली मॅनेजर मंडळींची गोल डोकी, ओळीने. 'सुरक्षा सप्ताहाच्या हार्दिक शुभेच्छा!' मधोमध विजयश्रीचा काळा हात. त्याला पाच बोटं.

नवी दोन बोटं गोरी होती, गुबगुबीत होती. एकात पुष्कराजाची अंगठी होती.

"घाई होती, चाकणलाच करून घेतलं," प्रितम माझ्या कानात म्हणाला. "बोटं दादासाहेबांच्याच वाढदिवसाच्या फ्लेक्समधली आहेत, सर. कंपनीचा आधार, असं फीलिंग येतं."

"आणि 'सेन्सर चालू ठेवा' कुठे गेलं?"

"काढलं. पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे. चालू ठेवा म्हटलं की आत्ता बंद आहे असा अर्थ निघतो ना, सर."

"बंदच आहे."

"म्हणून तर काढलं."

समाधान कामगारांच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. वाजवता वाजवता त्याचं लक्ष चित्राकडे गेलं, आणि हात तसेच छातीशी राहिले.

विजयश्री पुढे गेली. तिला शाल मिळणार होती, म्हणून कुणी अडवलं नाही. आवाज सावरून म्हणाली, "दादासाहेब, डोकी राहू द्या, माळ राहू द्या. तेवढी दोन बोटं काढायला सांगा. ज्या मशीननं नेली ते हे समोरच आहे. तिथं उभं राहणाऱ्याला दिसू दे."

मशीन दोनदा आपटलं. दादासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही. तीच तर पंचाईत आहे.

"आगं पोरी, दसऱ्याला आमी ह्याच मशीनची पूजा घालतो. त्याच्यासमूर तुटका हात लावायचा व्हय? घरात देव्हाऱ्यासमूर असलं चित्र लावलं असतंस का तू?"

 फ्लेक्सच्या दुकानात उलट उत्तर द्यायची सवय राहत नाही.

दादासाहेब तरीही विचारात पडल्यासारखे दिसले. खिशातून चष्मा काढून ते पोस्टरच्या अगदी जवळ गेले. त्या दोन बोटांकडे बराच वेळ निरखून बघत राहिले.  विजयश्रीने श्वास रोखला. खोटं कशाला सांगू, मीही रोखला.

ते वळले.

"प्रितम, आंगठी लई काळी आलीया रं. तेवढी जरा पिवळी करून आण."