वाणावर नाव नव्हतं

"जळायचं तर जळ गं, पण धूर बाहेर जाऊ देऊ नकोस," असं सासूबाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा ईप्सिता हसली होती. "अहो आई, मी कशाला जळू? मैत्रीण आहे माझी!"

मैत्रीण खरीच. पण जर्मनीतल्या एर्लांगेनच्या बसथांब्यांवर स्वरूपाचे फोटो लागले आणि ईप्सिताच्या पोटात दुखायला लागलं. दोघी एकाच वर्षी पीएचडीला आलेल्या. स्वरूपाने जर्मन पासपोर्ट घेतला, एका छोट्या पक्षातर्फे नगरपरिषदेला उभी राहिली, निवडूनही आली. ईप्सिता मात्र लेकीला, ऊर्जाला, कीटात म्हणजे तिथल्या पाळणाघरात जागा मिळेना म्हणून घरीच. वर फोटो दिसला की 'बघ आई, स्वरूपा मावशी' असं बाबागाडीतून ऊर्जा जर्मनमध्ये ओरडायची, "शाऊ माल, मामा, स्वरूपा टांटे!"

"नीट बस," ईप्सिता खेकसायची.

निवडणुकीनंतर पक्षाने चौकशी लावली. प्रचाराच्या पैशांतून स्वरूपाने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं, हॉल घेतला, बायकांना पिशव्या वाटल्या. हा तर घरचा सण, असा आरोप. पिशव्यांवर पक्षाचं नावच नव्हतं. हजर असलेल्यांपैकी ईप्सिताला चौकशी समितीपुढे साक्षीला बोलावणं आलं.

नाव का नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पिशव्या दोघींनीच निवडल्या होत्या. "वाणावर कुणी जाहिरात करतं का गं? बरं नाही दिसत," स्वरूपा म्हणाली होती. आणि कुंकू लावून झाल्यावर तिने कीटाच्या जागांवर असं भाषण ठोकलं, की सगळ्याजणी टाळ्या वाजवत उठल्या. माझंच रडगाणं, आणि टाळ्या हिला! ईप्सिताचा नुसता तिळपापड झाला होता.

"आल्झो, तर मग तो प्रचार होता की खासगी समारंभ?" समितीच्या बाईंनी विचारलं.

"हळदीकुंकू घरगुतीच असतं."

"भाषण झालं?"

"गप्पा झाल्या."

बाईंनी लिहून घेतलं. आठवड्याभरात स्वरूपाने राजीनामा दिला. ईप्सिताला तिचा एकच मेसेज आला: "ईप्सी, तू होतीस ना गं तिथे?"

उत्तर अजून गेलेलं नाही. मराठी मंडळातल्या बायका आता "बिचारी स्वरूपा" म्हणून हळहळतात, आणि ईप्सिताला तेही खुपतं. पण स्वरूपा कुणालाच दार उघडत नाही, खिडक्यांचे पडदे दिवसाही ओढलेले. समितीला खरं सांगायला उद्या जाते, असं ईप्सिता रोज म्हणते. "आजच जा की," नवरा प्रणव म्हणतो.

तोवर तुम्ही एर्लांगेनला असाल, तर ईप्सिताची एवढी विनंती ऐका. स्टेशनमागच्या पिवळ्या इमारतीत स्वरूपाकडे जा, दुसरा मजला. दार उघडेपर्यंत बेल वाजवा. तिने काही खाल्लंय का, तेवढं बघून या.