हिरव्या दिव्याचा आवाज

माझे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्याचं रडगाणं गायला मी बसलेली नाही. कान शाबूत आहेत, आणि त्यांच्या जिवावर मी हॉस्पिटलचा टेलिफोन बोर्ड सांभाळते. कोणत्या डॉक्टरचं आज बिनसलंय ते मी नुसत्या 'हॅलो'वरून सांगते. म्हणूनच त्या सकाळी माझी मतीच गुंग झाली.

घर आणि हॉस्पिटल यांच्यामध्ये एकच मोठा चौक आहे. रस्ता रुंद केला तेव्हा तिथलं जुनं झाड तोडलं आणि आमच्यासारख्यांसाठी आवाजाचा सिग्नल बसवला. लाल दिवा असला की हळू टक, टक. हिरवा झाला की मोठ्याने, भराभर टिटिटिटि. शेंबड्या पोरालाही कळेल असं. तर टिटिटिटि झालं, मी पाऊल टाकलं आणि एक ट्रक माझ्या नाकाला वारा घालून गेला. जाता जाता ड्रायव्हरने माझा उद्धारही केला. मी काठी छातीशी धरून मागे सरकले. अगं बाई, हिरवा होता ना?

घरी मी चकार शब्द काढला नाही. कारण होतं लेक. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळत होती, अगदी तिच्या मनासारखी, आणि बाईसाहेब माझ्यासाठी अडून बसल्या होत्या. तू एकटी तो चौक कसा ओलांडशील, एवढंच तिचं पालुपद. तिला दाखवायला म्हणून तर मी एकटी जायला लागले होते. शनिवारपर्यंत तिला काय ते कळवायचं होतं. ट्रकचं कानावर गेलं असतं, तर तिने त्याच पावली नाही म्हणून कळवलं असतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या खेपेला मी पाय उचललाच नाही, आणि टिटिटिटि चालू असताना समोरून गाड्या सुसाट चालल्या होत्या. सिग्नलच्या ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, आमचं यंत्र ठणठणीत आहे, तुम्ही कान दाखवून घ्या. माझा असा संताप झाला! पण मनात पाल चुकचुकलीच. दुपारी आमच्याच कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, तुमचे कान माझ्यापेक्षा तरणे आहेत. घ्या. यंत्र ठीक, कान ठीक. मग बिघडलं ते डोकंच असणार. रात्रभर मी तेच घोळवत पडले.

पुढच्या सकाळी चौकात नुसती उभीच राहिले. जरा वेळाने गाड्यांच्या गोंगाटात खांबातून बारीक टक, टक ऐकू आलं. आणि त्याच वेळी डोक्यावरून टिटिटिटि! लाल आणि हिरवा एकदमच? शेजारी फळवाली बसते. तिला विचारलं, हे दुसरं यंत्र कधी बसवलं? ती खोकला येईपर्यंत हसली.

"यंत्र कसलं, बाई. साळुंकी आहे ती."

झाड गेलं तशी साळुंक्यांची जोडी सिग्नलच्या पोकळ खांबात राहायला आली म्हणे. पिल्लं तिथेच झाली, तोच आवाज ऐकत मोठी झाली. टिटिटिटि झालं की गाड्या थांबतात, रस्त्यावर सांडलेलं टिपता येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय. आता एकमेकांना हाक मारायची तरी टिटिटिटि. काय म्हणावं या पाखरांना? रागवावं तरी कोणावर? त्यांचं घर आधी आपण पाडलं. आणि मी करायचं काय? इंजिनांवर कान ठेवावा, तर निम्म्या गाड्या विजेवरच्या, मुकाट येतात आणि मुकाट जातात.

शनिवारी लेक म्हणाली, आज मी येते बरोबर, बघू तरी तू कशी जातेस. झालं. चौकात ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. मोबाइलवर तिची नखं टकटकत होती. नकारच लिहीत असणार, मला दिसायची गरज नव्हती. तेवढ्यात टिटिटिटि झालं. नखं थांबली नाहीत आणि तिची चप्पल मात्र पुढे सरकली. मी तिचं मनगट पकडून असं खेचलं की आम्ही दोघी फळवालीच्या टोपलीवर आदळलो. समोरून बस गेली.

टोपलीचा आधार घेऊन ती उठली.

"आई, लाल होता," ती म्हणाली. "मी नुसत्या आवाजावर निघाले. वर बघितलंच नाही."

"म्हणून तर धरलं तुला," मी म्हणाले.

मग फळवालीने तिला साळुंकी दाखवली आणि ती हसता हसता रडायला लागली. मला म्हणाली, मी उगाच तुझी काळजी करत बसले. तिथेच उभ्या उभ्या तिने आधी लिहिलेलं पुसलं आणि येते म्हणून कळवलं.

आता ती तिकडे असते. रोज फोनवर विचारते, ओलांडलास का चौक? मी हो म्हणते. फळवालीने "चला बाई" म्हटल्याशिवाय मी पाय उचलत नाही, हे काही तिला सांगत नाही. तिकडे मैत्रिणींना ती माझ्या कानांच्या गोष्टी रंगवून सांगते, आणि मी गप्प ऐकून घेते. कारण त्या शनिवारी आवाज खांबातून आला की वरून, मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. ती हाताशी होती, तिने पाऊल टाकलं आणि माझ्या काळजात धस्स झालं, एवढंच. एकटी असते तर मीही टाकलं असतं.