हर्षालीचा ठसका

अंबडच्या कारखान्यांत लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, सुरू करण्याआधी माणसं खोकायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतो. खोकला सर्दीचा नव्हता, हर्षालीचा होता.

हर्षाली सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनवायची. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथला नवं सॉफ्टवेअर आलं की पडद्यावर कुठं काय दाबायचं, हे ती मराठीत समजावून सांगायची आणि तिचे साहेब, शेखर, ते इंटरनेटवर टाकायचे. आवाज असा खणखणीत, की सातपूरला एक बंद पडलेलं मशीन तिचा नुसता 'नमस्कार' ऐकून सुरू झालं म्हणे. एका व्हिडिओत हिरवं बटण दाबण्याआधी तिला ठसका लागला. शेखरनी कंटाळा केला, कापला नाही. झालं! बघता बघता अख्खी शिफ्ट हिरव्या बटणाआधी खोकायला लागली. एक पठ्ठ्या विसरला, तर सुपरवायझरनं त्याला सगळं पहिल्यापासून करायला लावलं.

सगळ्यांत मोठ्यानं खोकायचे रंगनाथआप्पा, हर्षालीचे वडील. हयात हाताच्या लेथवर गेलेली. नवं सॉफ्टवेअर जमलं तरच नोकरी टिकणार होती, आणि शिकवणारी पोटची पोर. कॉलर ताठ!

एका रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "तुझ्यासारखं मॅग्नेट मी पण आणलं, रविवार कारंज्याच्या बाजारातून."

"कसलं मॅग्नेट?"

"अगं, दाराचं."

हर्षालीचा घास हातातच राहिला. लेथचं दार उघडं असलं तर मशीन चालत नाही. पण दार लावलं की कॅमेऱ्याला आतलं दिसत नाही. म्हणून शूटिंगच्या दिवशी दाराच्या सेन्सरवर लोहचुंबक चिकटवलं होतं, मशीनला फसवायला. व्हिडिओत ते लखलखीत दिसत होतं.

सकाळी ती शेखरसमोर उभी राहिली. "सर, परत शूट करू. लोक दार उघडं ठेवून काम करतायत."

"त्यासाठी अर्धा दिवस मशीन बंद ठेवायला कोण देईल? खाली एक ओळ टाक."

तिनं टाकली, 'काम करताना दार बंद ठेवा.' आप्पा कशाला वाचतील? त्यांचा फोन खिशात आणि पोरगी कानात.

"आप्पा, दार लावून काम करा हो."

"व्हिडिओत तू लावलंयस का?"

"ते कॅमेऱ्यासाठी होतं!"

"हे बघ, घरातली हर्षाली काहीपण बोलते. परवा म्हणाली आमटीत मीठ कमी, आणि होती खारट. व्हिडिओतली अभ्यास करून बोलते. मी तिचं ऐकतो." आणि तिला चिडवायला एकदा खोकूनही दाखवलं.

त्याच आठवड्यात आप्पांनी चुंबक लावलं, खोकले, हिरवं बटण दाबलं. आत लोखंडाची लांब कातरण जॉबला, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याला, गुंडाळत चालली होती. दार उघडंच होतं. ती ओढायला त्यांनी हात घातला आणि बाही अडकली.

उजवा हात कोपरापासून गेला. माणसं धावली, मशीन थांबवलं. आप्पांच्या कानातून इयरफोन निसटला होता. त्यातून बारीक आवाज येत होता, "शाब्बास! तुमचा पहिला जॉब तयार झाला."

मग मशीन अर्धा दिवस काय, दोन दिवस मिळालं. नवा व्हिडिओ झाला. दार लावलेलं, आतलं काही दिसत नाही. 'आता दार...' इथवर हर्षाली बोलते आणि तिचा आवाज बंद होतो. पुन्हा रेकॉर्ड केलं, पुन्हा तिथंच. शेखरनी ती शांतता कापली नाही. या खेपेला कंटाळा नव्हता.

आता अंबडमध्ये कुणी खोकत नाही. दार लावलं की हात दारावरच राहतो, माणूस गप्प उभा राहतो, मग हिरवं बटण. शिफ्टच्या शिफ्ट अशी उभी असते.

आप्पा घरी डाव्या हातानं तोच व्हिडिओ लावतात. ती जागा आली की फोनकडे बघत म्हणतात, "बोल की गं."

हर्षाली शेजारीच बसलेली असते.