आयुधपूजेच्या दिवशीची माझी फेरी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. सध्या माझा मुक्काम म्हैसूरमधल्या एका घरात, पान्यांच्या पेटीत असतो. शेजारी बारा नंबरचा पाना आहे. त्याला मी माझी गोष्ट सांगून पाहिली, पण तो ढिम्म. तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही आत येऊ देत नसत. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या मिनिटाला सात हजार वेळा फिरत आणि त्यांच्यावरून एक बारीक हात जराही न टेकता सरकत असे. अकरा वर्षं मी हे काम केलं. हे कौतुक मीच करते, कारण दुसऱ्या कोणी ते केलं नाही.

माझे मालक पुट्टस्वामी. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. बस डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी संगणक घेतला आणि त्याच्या पोटात बसून मी या घरात आले. घरामागे तळं आहे. अप्पा रोज सकाळी तिथले पक्षी मोजून वहीत टिपत आणि घरी येऊन एका बोटाने माझ्यात नोंद करत. चित्रबलाक अठरा, रातबगळे सात, झोळीवाले पेलिकन दोन. वही भरली की त्यांच्या पत्नी जयम्मा ती रद्दीत घालत.

"आता मशीनमध्ये आहे ना सगळं?" त्या म्हणत.

अप्पांची मुलगी हेमलता हासनच्या पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवते. "अप्पा, याची एक नक्कल काढून ठेवा," असं ती दर सुट्टीत सांगायची. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "एका गाडीला दोन इंजिनं कोण बसवतं?"

हळूहळू मी थकले. अप्पा बटण दाबत, कॉफी गाळत, तुळशीला पाणी घालत, पेपर वाचत, आणि तरी माझं गाडं सुरूच होत नसे. "तुमचा कॉम्प्युटर उठेपर्यंत माझ्या इडल्या होतात," जयम्मा म्हणायच्या. मला ते लागायचं, पण खोटं नव्हतं.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत हेमा माझ्या जागी बसवायला नवी एसएसडी डिस्क घेऊन आली. पत्त्यांच्या जोडापेक्षा लहान, वजन नाहीच. अप्पांनी ती कानाला लावली.

"आत काही फिरत नाही?"

"नाही अप्पा."

"आवाज?"

"तोही नाही."

"मग चालतंय की नाही, कळायचं कसं?"

हेमा हसली. मला मात्र अप्पा त्या दिवशी फार आवडले.

त्यात तळ्याचं प्रकरण निघालं होतं. पूर्वेच्या काठावरचं बाभळींचं आणि पाणकणसाचं बेट बुजवून तिथे फिरायला रस्ता करायचा बेत होता. तिथे पक्षी नाहीतच, असं कोणीतरी लिहून दिलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यावर महापालिकेत बैठक होती. पक्षी आहेत याचा अकरा वर्षांचा पुरावा फक्त माझ्या पोटात होता.

आयुधपूजेचा दिवस उजाडला. त्या दिवशी म्हैसुरात हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊनपुसून पुजतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कामाला लावत नाहीत. डेपोतल्या माणसाला तर हा दिवस म्हणजे सणांचा सण. अप्पांनी सकाळची नोंद केली, स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, पान्यांना कुंकू लावलं. नव्या एसएसडीलाही ओल्या गंधाचं चांगलं ठसठशीत बोट लावलं, ते नेमकं केबल जोडतात त्या सोनेरी दातांवर. मग संगणक बंद करायला ते वाकले आणि तसेच थांबले.

"हेमा, इकडे ये. आतून टक्‌टक् येतंय. बेअरिंग गेलंय."

हेमाने कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. "अप्पा, बंद करू नका. आता थांबली तर पुन्हा फिरेल याचा भरवसा नाही. आत्ताच सगळं नव्यावर घेऊ."

"आज? आज हत्यार चालवायचं नाही. चौतीस वर्षांत मी कधी चालवलं नाही."

"आणि बैठकीत काय दाखवणार?"

अप्पा खुर्चीवर बसले. मी टक्‌टक् करत होते. मित्रांनो, मी घाबरले नव्हते. मला फक्त वेळ हवा होता, आणि तो अप्पांच्या हातात होता.

"स्टेपनीशिवाय गाडी डेपोबाहेर सोडली असतीत का तुम्ही?" हेमाने विचारलं.

अप्पांनी कुंकू लावलेल्या पान्यांकडे पाहिलं. मग उठले. "डेपोत पूजेच्या दिवशीही एक गाडी आम्ही बाहेर काढायचो. ब्रेकडाऊन व्हॅन. वाटेत अडकलेल्याला आणायला. लाव तुझी केबल."

केबल लावली, तर संगणकाला नवी डिस्क दिसेचना. हेमाने ती उलटून पाहिली. "अप्पा, हे काय?"

"गंध आहे. नव्या गाडीला लावतात तसं."

"गाडीच्या स्पार्क प्लगला लावता का?"

अप्पा एवढंसं तोंड करून पांढरा खोडरबर घेऊन आले. त्यांनीच ते दात एकेक करून स्वच्छ केले आणि कपड्याने पुसले. या खेपेला ती दिसली.

आधी पक्ष्यांची नोंद, मग फोटो. चौथ्या वर्षापाशी मी अडखळले. तिथे एक जागा खराब झाली होती. मी पुन्हा वाचली, पुन्हा वाचली, सातव्या खेपेला तो आकडा हाती लागला. पूर्वेचं बेट, चित्रबलाकांची घरटी बत्तीस. तो मी पुढे धाडला. दुपारी हेमा म्हणाली, "झालं." मग अप्पांनी स्वतः बटण बंद केलं. मी थांबले, आणि पुन्हा फिरले नाही.

बैठकीत अप्पांनी अकरा वर्षांची नोंद वाचून दाखवली. रस्ता पश्चिमेकडून गेला. बेट तसंच आहे.

आता संगणक अप्पांची कॉफी गाळून होण्याआधीच सुरू होतो. नव्या डिस्कचा मला हेवा वाटत नाही, असं म्हणणार नाही. पण तिच्याजवळ जे आहे ते मीच दिलेलं आहे. शिवाय कपाटात आणखी एक नक्कल असते. तिच्यावर अप्पांनी रंगाने लिहिलंय, 'स्टेपनी'.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्या मोलाच्या गोष्टीची स्टेपनी आजच काढा, आणि घरातलं जुनं कोणी टक्‌टक् करू लागलं तर कान द्या.

यंदाच्या पूजेला अप्पांनी मला पेटीतून काढलं, पुसलं, कुंकू लावलं. मग सवयीने कानाशी धरलं. आत काही फिरत नव्हतं, आवाजही नव्हता.

"चालली हो चांगली," ते म्हणाले, आणि मला बारा नंबरच्या पान्याशेजारी ठेवलं.