सात नंबरचा पाचवा फाउल

"काका, हा बॉक्स पहिल्या पानावर घेतेय. बघा ना," म्हणत आनंदीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

यज्ञेश्वर केतकरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. 'सर्वांत शिस्तबद्ध खेळाडू : जयसिंग, जर्सी क्रमांक सात. सहावा सीझन. चौदा सामने, फक्त एकोणीस फाउल.'

"हे आकडे कुठले?"

"तुमच्याच शीट्समधले की! पाचव्या सीझनला एकावन्न होते. एका वर्षात एकोणीसवर आला. सॉलिड इम्प्रूव्हमेंट ना?"

केतकरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे आनंदीला कळलं नाही. ती संघाच्या प्रसिद्धीचं काम बघायची आणि तिला आज चार वाजेपर्यंत मजकूर हवा होता.

'पुणे गरुड' हा बास्केटबॉलचा संघ आता पुण्याचा राहणार नव्हता. मालकांनी तो दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीला विकला होता. नाव जाणार, रंग जाणार. जाता जाता दहा सीझनची एक स्मरणिका काढावी असं ठरलं, आणि इतिहास लिहायला केतकरांशिवाय कोणी नव्हतं. चौतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डं लावणारा हा माणूस संध्याकाळी मैदानावर स्कोअरशीट लिहायचा. पुढे व्यावसायिक लीग आली, तेव्हा घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याला टेबलावर तेच बसले. स्वतः त्यांनी आयुष्यात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकला नव्हता. कोणी विचारलं तर ते ओशाळं हसत.

इतिहास तसा थोडा होता. पहिल्या वर्षी शेवटचा नंबर. तिसऱ्या वर्षी उपांत्य फेरी. पाचव्या वर्षी अंतिम सामना, एका गुणानं हरलेला. त्यानंतर उतरणच. नवव्या वर्षी पुन्हा शेवटचा नंबर, आणि दहाव्या वर्षी स्टेडियममध्ये माणसांपेक्षा पंखे जास्त, असं एका पेपरानं लिहिलं होतं. ते खोटंही नव्हतं.

"अंतिम सामन्याचा पॅरा फारच छोटा केलाय तुम्ही," आनंदी म्हणाली. "शेवटच्या तीन मिनिटांत जयसिंग फाउल आउट झाला आणि मॅच गेली. तिथं थोडा ड्रामा हवा."

"उद्या देतो," केतकर म्हणाले.

"काका, आज चार!"

"उद्या," ते म्हणाले. इतक्या ठामपणे ते क्वचितच बोलत.

घरच्याच मैदानावरच्या त्या अंतिम सामन्यात संघ सहा गुणांनी पुढे होता. बास्केटखाली चौघं एकमेकांवर आदळले, शिट्टी वाजली. पंच नंबर दाखवायला टेबलाकडे येत होते, पण केतकरांचं पेन आधीच सातच्या ओळीवर गेलं होतं. गर्दीत फाउल म्हणजे जयसिंग, हे हाताला पाठ झालं होतं. शेजारचा टाइमकीपर म्हणाला, "बारा ना?" केतकर म्हणाले, "सात." त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. नावापुढचे पाचही चौकोन भरले. पाच फाउल झाले की खेळाडूला बाहेर बसावंच लागतं.

जयसिंग टेबलापाशी आला होता. "काका, माझे चारच हायत."

"पाच आहेत," केतकरांनी शीटवर बोट ठेवलं.

त्यानं कोचकडे पाहिलं. कोच ओरडले, "अरे, केतकर काका चुकतात का कधी? बस खाली!"

सामना संपला. शीटवर शेवटच्या रेघा मारताना, सगळीकडे आरडाओरडा चालू असताना, केतकरांना पंचांची बोटं स्पष्ट आठवली. आधी एक, मग दोन. बारा. म्हणजे संभाजीचा फाउल होता. पंचांनी सहीसाठी पेन मागितलं. सही होईपर्यंत चूक सांगता येते. सही झाली की कागद खरा. निकाल बदलला नसता कदाचित, पण सात नंबरच्या ओळीतला तो चौकोन मोकळा झाला असता. केतकरांनी पेन पुढे केलं.

सहाव्या सीझनमध्ये मात्र त्यांच्याच शीटवर त्यांना त्याचा परिणाम दिसू लागला. सामना संपला तरी जयसिंगच्या ओळीत एखादाच चौकोन भरलेला. चौथा तर कधीच नाही. सातव्या सीझनला यादीत त्याचं नावच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी केतकर बसनं हिंजवडीला गेले. एका आयटी पार्कमागच्या मोकळ्या जागेत कंपन्यांच्या बसगाड्या लागत, आणि तिथं जयसिंग सुपरवायझर होता. अंगानं सुटला होता, पण लांबूनही उंचीवरून ओळखू येत होता.

"आरं तिच्या! केतकर काका!" तो धावत आला, वाकून पाया पडला. "हिकडं कुठं? या वयात आयटीत नोकरी लागली का काय?"

"तुलाच भेटायचं होतं."

"मग फोन करायचा. आईला आनलं असतं वाघोलीवरनं. लई आठवन काढती तुमची. म्हनती, तो टेबलावरचा बामन लई गरीब दिसायचा."

केतकरांना हसू आलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. घरी ठरवलेली वाक्यं आठवली नाहीत. जे आलं ते बोलत गेले. फाउल बाराचा होता. मी सातला लिहिला.

जयसिंगनं हातातली वही मिटली.

"म्हंजे माझे चारच व्हते?"

"चारच."

"मी मोजलेले बरोबर व्हते?"

"हो."

त्यानं रुमालानं मान पुसली. "काका, त्या दिसापास्नं समोर मानूस आला की मी मनात मोजायचो. दोन झालं का तीन? मोजूस्तोवर त्यो बास्केटखाली. कोच म्हनले, हात आखडतोय. मला वाटलं, मलाच मोजता येत न्हाई." मग अगदी सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, "तुमाला कळलं कधी?"

पाच वर्षं केतकर याच प्रश्नाला भीत होते. नंतर कळलं, घरी गेल्यावर कळलं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खरं की खोटं, हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

"सही व्हायच्या आधी," ते म्हणाले.

एक बस मागे येत होती. जयसिंग तिकडे वळला. "येऊ दे, येऊ दे... बास!" त्यानं बसच्या पत्र्यावर थाप मारली, नंबर वहीत लिहिला आणि परत आला.

"मी स्मरणिकेत खरं लिहिणार आहे," केतकर म्हणाले. "माझ्या नावानिशी."

"नगा लिहू."

"अरे, पण तुझ्यावरचा डाग..."

"डाग कसला? गावात सगळी म्हनली, भर फायनलीत बाकावर बसलास. आई त्यांना सांगत फिरली, पाच झाले की बसावं लागतं, नियमच हाय. दोन वर्सं सांगत व्हती. नियमावर कोन रागावतंय, काका? मानसानं केलं म्हनल्यावर तिला मरेस्तोवर त्यो राग पुरंल." तो थांबला. "माझं मी बघतो."

"जयसिंग, मी..."

"कोथरूडची गाडी सुटतीय. चला."

केतकर त्याच्या मागून चालत गेले. तो नेहमीसारखाच लांब ढांगा टाकत होता, पण दर चार पावलांनी त्यांच्यासाठी थांबत होता. मागे मात्र बघत नव्हता.

ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "कोन पावनं?"

"आमच्या टीमचे हायत. टेबलावर असायचे," जयसिंग म्हणाला. "डेपोपाशी उतरव. आन् खाली येऊन हात दे त्यांना, पायरी उंच हाय."

ड्रायव्हर उतरला. त्यानं केतकरांचा दंड धरून त्यांना वर चढवलं. शेजारी जयसिंग दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा होता.